ठकूची हाळी

“ती ठकी पोटुशींना मचाणावर झोपवती, आन् मग पाखरांना…” ओढ्यावर धुणं आपटता आपटता कुणीतरी चेटकिणीची गोष्ट सांगावी तसं म्हणालं, आणि पारूबाई येताना दिसली तशी बोलणारी गप्प झाली. अर्धं बोलणं पुऱ्यापेक्षा जास्त टोचतं. पारूबाईची सून तुळसा पोटुशी होती, आणि रोज मचाणावरच होती.

ही गोष्ट आपल्या आज्यांच्या आज्या परकर नेसून हुंदडत होत्या तेव्हाची. कुसळवाडीला शाळू भरात आला की घरटी एक माणूस पाखरं राखायला जायचं. तुळसाचा नवरा मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेलेला, म्हणून राखण तिच्या वाट्याला. दिवसभर मचाणावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, हाळी द्यायची. सासू दळता दळता कान लावून असायची. हाळी थांबली की म्हणायची, “झोपली वाटतं महाराणी.”

पण तुळसाला झोप कुठली? रात्र रात्र डोळे टक्क उघडे. पोट वाढत होतं आणि मन आटत होतं. येणारीजाणारी विचारायची, “काय खावंसं वाटतंय गं?” ती म्हणायची, “काय न्हाई.” बायका म्हणायच्या, पोर गरीब आहे, डोहाळेसुद्धा मागत नाही. विहिरीवर घागर भरून झाली तरी ती काठावरून हलत नसे, खाली पाण्यात बघत राही. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका ठकूच्या आलं.

ठकू एकटी म्हातारी. ना नवरा, ना पोर. लोकांची रानं राखून पोट भरायची. असं म्हणतात, की तिच्या हाळीनं आभाळातला थवा माघारी वळायचा. एका दुपारी ती तुळसाच्या मचाणावर चढली.

“पड जरा.”

“सासू कान लावून असती, आज्जे.”

“हाळी मी देती. तुझ्या गळ्यानं.”

असं म्हणतात, हुबेहूब तुळसाचाच आवाज निघाला. तुळसा वाकळेवर कलंडली ती उन्हं उतरेपर्यंत हलली नाही. मग रोज तसंच. हळूहळू शिवारातल्या बाकीच्या पोटुशीही आडव्या होऊ लागल्या. असं म्हणतात, एका दुपारी साऱ्या मचाणांवरून वेगवेगळ्या गळ्यांच्या हाळ्या उठत होत्या, पोरी गाढ झोपल्या होत्या, आणि बांधावर म्हातारी तेवढी एकटी बसली होती.

ओढ्यावरचं ऐकून पारूबाई तशीच रानात आली, तर वर सून झोपलेली आणि खाली ठकू सुनेच्या आवाजात ओरडतेय. पलीकडच्या कोपऱ्यातली कणसं पाखरांनी पार बोडकी केलेली.

“ठके, माझा शाळू चारलास की गं.”

“चारला. एक कोपरा दिला की बाकीचं रान सोडत्यात ती. तुझी सून विहिरीत बघत उभी राहती, ठावं हाय का?”

पारूबाईनं मचाणाचा खांब धरला. मग म्हणाली, “माझ्या येळंला मीबी बघायची.”

“मग दे हाळी. माझा घसा बसलाय.”

पारूबाईनं हाळी दिली. पहिली फाटली. दुसरी जरा बरी निघाली. तुळसानं झोपेतच कूस बदलली.

तुळसाचं मन काही एका दिवसात भरून आलं नाही. पण ती तगली, तिचं पोरही तगलं. ठकू कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. एका पौषात हाळी ऐकू येत राहिली आणि मचाणावर कुणीच नव्हतं, असं म्हणतात. इतक्यांना झोपवणाऱ्या बाईला स्वतःला झोप यायची का, हे तिला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

कुसळवाडीत अजून पोटुशीला डोहाळ्यांच्या आधी “झोप लागती का गं?” असं विचारतात. लागत नसली तर दुपारी तिला आडवी करतात, आणि सासू नाहीतर शेजारीण तिच्या वाटणीचं काम उरकते. शाळवात एक कोपरा पाखरांना सोडतात, तो ठकूचा.

ओढ्यावरची ती बाई मात्र म्हातारपणीही सांगायची, मी खोटं बोललेच नव्हते. आणि तेही खरंच. ठकू पोरींना झोपवायची, पाखरांना रानही चारायची. चेटूक तेवढं त्या बाईनं पदरचं घातलं होतं.