काचेतला समुद्र

“सगळे मासे मेले, बुवा. एकच राहिलाय. तो तरी जगेल का?”

विचारणारे कॅप्टन दिगंबर केळुसकर. सारा जन्म जहाजांवर काढलेला, समुद्र कोळून प्यायलेला माणूस. निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत बायको गेली. घरात काहीतरी हलतं-डुलतं असावं म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, समुद्रातले रंगीत मासे आणून सोडले. महिनाभरातच त्या टाकीने एवढ्या दर्यावर्दीला हात टेकायला लावले.

अंबाबुवा खाडीकाठच्या मठाच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. मासे पाळायचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण ज्याचं कुठेच काही चालेना, तो शेवटी त्यांच्याकडे येई.

“पाण्याचं काय करतोस?”

बुवा लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करत. कॅप्टनना ते आधी खटकलं, मग बरं वाटलं. त्यांना ‘तू’ म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

मग त्यांनी ऐटीत सगळं सांगितलं. पाणी गाळणारं यंत्र अहोरात्र चालू असतं. माशांनी टाकलेलं खाणं ते लगेच काढतात. काचेवर खूण केली आहे, आणि पाणी त्या खुणेखाली उतरलं की बंदरावरून समुद्राचं स्वच्छ पाणी आणून पुन्हा खुणेपर्यंत भरतात.

“रोज?”

“रोज. एक दिवस चुकलेलो नाही.”

बुवांनी शेंगा बाजूला सारल्या आणि ते उठले.

मठामागे मिठागर होतं. बुवा बांधावर उकिडवे बसले, सुकत आलेल्या खाचरातून चिमूटभर मीठ उचलून त्यांनी ते कॅप्टनच्या तळहातावर ठेवलं.

“इथं पाणी होतं. कुठं गेलं?”

“उन्हानं उडालं.”

“आणि हे?”

“मीठ कसं उडेल? ते मागेच...”

कॅप्टन मध्येच थांबले.

टाकीतूनही नुसतं पाणीच उडत होतं. मीठ सगळं आतच होतं, आणि ते त्यात रोज नव्या मिठाची भर घालत होते. शाळेतल्या पोरालाही कळावी अशी गोष्ट, आणि ती त्यांना कळली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“म्हणजे मीच मारले त्यांना.”

कॅप्टननी बोटाने तळहातावरचं मीठ चाचपलं.

“उडेल तेवढं साधं पाणी घालायला हवं होतं. खारं नाही.”

“हां. आता थोडं खारं काढून साधं घाल, पण सावकाश. एकदम ओतलंस तर तोही जाईल.”

काम झालं होतं. वेळेवर पोचलं तर मासा वाचणार होता. तरी कॅप्टन बांधावरून हलेनात. ऊन उतरलं होतं, पलीकडे होड्या परतत होत्या.

“घरी जायला पाय उचलत नाही, बुवा...”

“संध्याकाळी काय करतोस?”

कॅप्टननी खाली बघत सांगितलं. दार लावून घेतात. शेजारच्यांनी बेल वाजवली तरी उघडत नाहीत. बायको जहाजावर आवाजी निरोप पाठवायची, ते सगळे मोबाइलवर आहेत. दिवा न लावता ते एकामागून एक ऐकत बसतात. प्रत्येकाच्या शेवटी ती एकच विचारते, कधी येताय?

“रोज?”

“रोज...”

बुवांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तळव्यावरचं मीठ पंच्याच्या टोकाने हळूहळू पुसून काढलं.

“जा आता. आणि आज कुणाला तरी जेवायला बोलाव.”