पैलवानाची दुसरी तालीम

घाटाखालच्या एका गावात हैबती नावाचा एक म्हातारा पैलवान राहत होता. तरुणपणी पंचक्रोशीत त्याच्या नावाचा दरारा होता. पुढे वय झाले. कुस्ती सुटली, जोर-बैठका सुटल्या. सुटला नाही तो फक्त खुराक. सकाळी तांब्याभर दूध, दुपारी तुपात भिजलेली पोळी, संध्याकाळी काहीतरी तळलेले आणि वर गोडाचा घास. खाणे पैलवानाचे आणि दिवसभर बसणे ओट्यावर. हळूहळू पोट पुढे आले, मांड्या मात्र बारीक झाल्या. चार पावले चालला, की त्याला धाप लागायची.

घरात तो आणि त्याची बायको पुतळाबाई, दोघेच. मूलबाळ नव्हते. पुतळाबाईला डोळ्यांनी अंधुक दिसायचे. ती सारे काही हैबतीच्या भरवशावर करायची.

एकदा भर दुपारी हैबती अंगणात बसून शेंगा फोडत होता. उठायला गेला, तर उठता येईना. गुडघ्यांवर हात टेकले, भिंतीला धरले, पण पाय साथ देईनात. पुतळाबाईने काखेत हात घालून ओढून पाहिले. तीच दमून त्याच्याशेजारी बसली. माणसे शेतावर गेलेली, गल्लीत चिटपाखरू नव्हते. शेवटी ती त्याच्या डोक्यावर पदराची सावली धरून बसून राहिली. उन्हे कलल्यावर शेजारी परतले, तेव्हा कुठे तिघांनी मिळून त्याला उभे केले.

"तुम्हीच असे झालात, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" पुतळाबाई म्हणाली.

रात्री हैबतीने जेवणाचे ताट तसेच बाजूला सरकवले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जेवणच टाकले. वाटीभर पेज, तीही पातळ. पोट थोडे उतरले, पण हातापायांतले होते नव्हते ते बळही गेले. उभा राहिला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेवटी पुतळाबाईने हट्टच धरला आणि त्याला मल्लाप्पाकडे पाठवले. मल्लाप्पा पूर्वी हैबतीच्याच हाताखाली शिकलेला. आता गावच्या तालमीचा वस्ताद होता.

मल्लाप्पाने वाकून त्याच्या पायांना हात लावला. सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, नुसतं उपाशी राहून चरबीबरोबर ताकदही जाते. पोटभर खा, पण बदलून खा. आणि रोज थोडं थोडं वजन उचला."

असे म्हणून त्याने हैबतीच्या हातात नारळाएवढा एक दगड ठेवला.

हैबतीचा चेहरा लाल झाला. "हा? अरे, तो कोपऱ्यातला गोटा खांद्यावर घेऊन मी आखाड्याला फेऱ्या मारायचो!"

त्याने लहान दगड टाकून दिला आणि तरातरा जाऊन मोठ्या गोट्याला मिठी मारली. गोटा जागचा हलला नाही. हैबतीच्या कमरेत मात्र लखकन कळ आली. भिंतीशी उभी असलेली तरुण पोरे तोंड दाबून हसली. हैबती कंबर धरून घरी आला आणि खाटेवर पडला. 'पुन्हा त्या तालमीचं तोंड बघणार नाही,' असे त्याने ठरवूनही टाकले.

त्याची कंबर शेकायला पुतळाबाई विटेचा तुकडा तापवत होती. अंधुक नजरेने तिने हात घातला तो नेमका निखाऱ्यावर. तिने बोट तोंडात धरले, हूं की चूं केले नाही. हैबतीने खाटेवरून ते पाहिले. त्याला उठून जावेसे वाटले आणि उठता आले नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. 'पोरं हसली म्हणून मी रुसून बसलो,' तो मनाशी म्हणाला, 'आणि इथं ही भाजून घेतेय.'

कंबर बरी झाली, तसा तो पुन्हा तालमीत गेला. तीच पोरे तिथे होती. त्यांच्या देखत तो म्हणाला, "मल्लाप्पा, तो लहान दगड दे."

मल्लाप्पाने तो दोन्ही हातांनी दिला. "दादा, मी पहिल्यांदा आलो, तेव्हा तुम्ही मला काय उचलायला दिलं होतं?"

"रिकामी घागर."

"मग?"

हैबती हसला आणि त्याने दगड उचलला.

आता तो बाकावर बसायचा आणि हात न टेकता उठायचा. भिंतीला रेटा द्यायचा. घरी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, ताक, कधी उकडलेले अंडे. तळण आणि गोडधोड सणावारापुरते उरले. जीभ कुरकुरायची. काही दिवशी अंग इतके दुखायचे, की तो पांघरूण ओढून घ्यायचा. पुतळाबाई मग तालमीत न्यायचा त्याचा पंचा आणून उशाशी ठेवायची. पोट काही पार सपाट झाले नाही. पण दगड मोठा होत गेला, धाप कमी होत गेली, आणि विहिरीवरच्या घागरी तो स्वतः आणू लागला. पोरांचे हसणे केव्हाच थांबले होते.

एका पावसाळ्यात निरोप आला. घाटापलीकडच्या गावात पुतळाबाईची धाकटी बहीण तानुबाई फार आजारी होती, आणि तिने बहिणीचा ध्यास घेतला होता. नेमकी दरड कोसळून घाटाची वाट मोडली होती. बैलगाडी जाणे शक्यच नव्हते.

पुतळाबाई डोळे पुसत म्हणाली, "राहिली म्हणायची आमची भेट."

"राहील कशी? काठी घे," हैबती म्हणाला.

दोघे निघाली. चढावर तो पुढे आणि ती त्याचा हात धरून मागे. दरडीच्या दगडांतून तो आधी स्वतः पाय रोवायचा, मग तिला वर घ्यायचा. ओढ्यात गुडघाभर पाणी होते. तिला कमरेशी घट्ट धरून त्याने सावकाश पैलतीर गाठले. दमायची तेव्हा दोघे बसायची, आणि पुन्हा चालू लागायची.

दिवेलागणीला ती तानुबाईच्या अंथरुणाशी पोचली. आवाज ऐकून तानुबाईने डोळे उघडले. "अक्का, तू? अगं, या वाटेनं गाडी आली तरी कशी?"

"गाडी कसली?" पुतळाबाई म्हणाली आणि तिने बहिणीचा हात हातात घेतला. "ह्यांनी आणलं मला."

तात्पर्य: उतारवयातही अंग पुन्हा कमावता येते. त्यासाठी उपाशी राहू नये, बेताने आणि सकस खावे. आणि कालच्या ताकदीचा ताठा सोडून, आज जेवढे पेलते तेवढ्यापासून सुरुवात करावी.