पंख्याची दोरी

"तुझा राग राहतो कुठे, ते तरी दाखव."

केरुबुवांनी एवढंच म्हटलं आणि दौलत ढेबे ताडकन उठला. कित्येक वर्षं तो बुवांकडे मंत्र मागत होता. बुवांचं उत्तर ठरलेलं. राग गेला की ये. राग काही जात नव्हता आणि मंत्र काही मिळत नव्हता.

"चला. दाखवतोच!"

घाटमाथ्यावरचा तो गोऱ्या साहेबाचा बंगला, राणीच्या अमदानीतला. कोर्टकचेऱ्या करून दौलतने तो मिळवला होता. राहायला नव्हे, पाडायला. सकाळी माणसं पहारी घेऊन येणार होती.

दार ढकललं. बुरशीचा वास अंगावर आला. भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद सोलून लोंबत होता. जिन्याला वाळवी, भिंतीतल्या शेकोटीत वटवाघळांची घाण. वर सांबराची शिंगं मात्र अजून ताठ.

"सुंभ जळतो, पीळ जळत नाही. बघा!" दौलत दातओठ खात म्हणाला. "आमच्या डोंगरातलं लाकूड, आमच्या माणसांच्या पाठी, आणि थाट यांचा!"

बुवा बघत होते.

जेवणाच्या दालनात छताला एक लांब दांडा टांगलेला होता. त्याला कापडाची मळकी झालर. दांड्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात गेली होती.

दौलत त्या भोकापाशी थांबला.

"इथे, भिंतीच्या पलीकडे, माझा पणजा बसायचा. कोंडीबा ढेबे. आत साहेब जेवायचा, बाहेर हा दोरी ओढायचा. एका दुपारी त्याचा डोळा लागला. पंखा थांबला. साहेब जेवणावरून उठला, बाहेर गेला आणि बुटाची लाथ पोटात घातली. पणजा पुन्हा उठला नाही..."

बुवांनी डोळे मिटले.

"आता सांगा. हे घर उभं असताना माझा राग जाईल?"

बुवांची नजर त्या दोरीवर होती.

"उद्या पाडतो. परवा मंत्र द्या. बोला ना!"

बुवा गप्पच. त्या गप्प बसण्याने दौलतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलाच्या टोकाची मोठी खुर्ची खस्सकन ओढून तो बसला आणि ओरडला,

"ए! कोण आहे रे तिकडे!"

म्हातारा राखणदार गेनू धापा टाकत आला.

"खिडक्या उघडून ठेवायला सांगितल्या होत्या ना तुला? झोपा काढायला ठेवलाय का इथे?"

"साहेब, बिजागऱ्या गंजल्यात... हलंनात..."

"तोंड वर करून बोलतोस? चालता हो!"

गेनू मान खाली घालून गेला. दौलतचं तोंड सुरूच होतं. त्या मेलेल्या साहेबाचा त्याने उद्धार केला, त्याच्या बापजाद्यांचा केला, त्यांच्या राणीलाही सोडलं नाही. टेबलावर मुठी आपटल्या. घाम नुसता निथळत होता.

बऱ्याच वेळाने त्याच्या मानेला गार वारा लागला.

त्याने वर पाहिलं. झालर हलत होती. एकदा इकडे, एकदा तिकडे. तिच्यातली धूळ टेबलावर पडत होती.

बुवा दालनात नव्हते.

दौलत धावत व्हरांड्यात गेला. भिंतीला पाठ लावून, फरशीवर मांडी घालून केरुबुवा बसले होते. दोन्ही हातांनी दोरी ओढत होते.

"बुवा! हे काय करताय? सोडा ती दोरी! तुम्ही... इथे?"

बुवांनी दोरी सोडली नाही. मानही वर केली नाही.

"साहेबांना उकडत होतं," ते म्हणाले.