हैबतकाकांची बाज

एका गावात एक मैदान होते. गाव कृष्णेच्या काठचे की वारणेच्या, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही. ज्यांच्याकडून ही गोष्ट ऐकली, ते ती दर वेळी थोडी वेगळी सांगत, आणि मधल्या काळात माझ्या आठवणीनेही तिच्यात काही मिसळले असेल. पण मैदान होते, आणि त्यावर दोन खेळ चालत, याबद्दल मला शंका नाही. एका अंगाला हुतूतू, दुसऱ्या अंगाला आट्यापाट्या.

दोन खेळांचे दोन चाहते होते. हुतूतूचे हैबतकाका. तरुणपणी ते दम घेऊन समोरच्या अंगणात शिरले की गडी मागे सरत. आट्यापाट्यांचे सोनाप्पाशेट. त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. एके काळी त्यांनी दोन्ही हात पसरून पाटी, म्हणजे आडवी रेघ, धरली की पलीकडे जाणाऱ्याला घाम फुटे. दोघे एकाच वयाचे, एकाच आळीतले. आता दोघेही खेळत नव्हते. बोलत मात्र रोज होते.

सोनाप्पांच्या दुकानापुढे संध्याकाळी माणसे जमत. विषय एकच. आपले खेळ बिघडले, ते का?

बिघडले होते हे खरेच. हुतूतूत आता कोणी खोल शिरत नसे. गडी समोरच्या अंगणात एक पाऊल टाकी, कोणाला न शिवता परत येई. समोरचे गडी धान्याच्या पोत्यांसारखे एकमेकांना चिकटून उभे असत. आट्यापाट्यांत तर हुलकावणी देणेच संपले होते. पाटी धरणाऱ्याने नुसते हात पसरले तरी दोन्ही टोके झाकली जात. पाहणारे जांभया देत, आणि मग दुकानापुढे येऊन भांडत.

"पोरांच्या अंगात रगच न्हाई," हैबतकाका म्हणत. "आम्ही ताक-भाकरीवर खेळलो. ही चहावर खेळतात."

"पोरांना नावं ठेवू नकोस," सोनाप्पा म्हणत. "तालुक्याच्या पंचांनी नियम बदलले तिथंच सगळं बिनसलं. घडीघडीला शिट्टी! खेळ हाय का आगगाडी?"

"नियम दोन्ही खेळांना बदलले. मग तुझा खेळ जास्त का मेला?"

"तुझ्या खेळानं अर्धं मैदान खाल्लं म्हणून!"

भैरू नावाचा एक तरुण गडी दोन्ही खेळ खेळे. गावात त्याच्याइतका चपळ कोणी नव्हता, पण गावच्या मैदानावर ते कोणाला दिसत नसे. एकदा तो धीर करून म्हणाला, "काका, परगावी गेलं की आमचा खेळ चांगला होतो. तिकडं पाय मोकळे होतात."

"तिकडचं पाणी चांगलं असंल," कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. चाहत्यांपैकी कोणी परगावचा सामना पाहायला कधी गेलेच नव्हते.

मैदानाची एक रीत होती. चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी शेजारच्या गावाशी सामने होत. सकाळी पांढऱ्या फक्कीने रेघा मारायच्या. पण फक्कीची टोपली घेऊन पोरे येत, तोवर म्हातारी मंडळी पुढची जागा धरून बसलेली असत. त्यांना ऊठ म्हणणार कोण? मग त्यांच्या पायांपुढून रेघ ओढली जाई. हैबतकाकांची सुंभाची बाज एका कडेला, कोपऱ्याजवळ असे. सोनाप्पांचे लाकडी खोके समोरच्या कडेला. काका दर वर्षी म्हणत, "बाज थोडी पुढं घे रे, इथं ऊन लागतं." बाज पुढे सरकली की सोनाप्पाही आपले खोके पुढे ओढत. हैबतीपेक्षा मागे बसणे त्यांना जमत नसे. दोघांच्या मागची मोकळी जागा इतर लोक भरून काढत, आणि त्यांच्याही मागे घाणेरीची झुडपे वाढत.

ऊन लागत नव्हते. काकांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. खेळणारी माणसे दर वर्षी जरा जास्त पुसट होत होती. हे त्यांनी घरीसुद्धा सांगितले नव्हते. आंधळ्याला खेळातले काय कळते, असे कोणी म्हणेल याचे त्यांना फार भय होते.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी वाद टोकाला गेला. गावच्या पंचमंडळींनी सांगितले, दोन खेळांना आता मैदान पुरत नाही. उद्या हरलो तर एक खेळ बंद करू आणि सगळी जागा दुसऱ्याला देऊ. कोणता बंद करायचा हेही ठरल्यासारखेच होते. हैबतकाकांचा आवाज मोठा होता आणि हुतूतूचे चाहते जास्त.

"माझ्या बापानं या गावात आट्यापाट्या आणल्या," सोनाप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत बंद करणार तुम्ही?"

"खेळ मेलेलाच हाय. आम्ही नुसता खांदा देतोय," हैबतकाका म्हणाले.

सोनाप्पा उठून दुकानात गेले आणि फळ्या लावू लागले. दिवस अजून मावळायचा होता. इतक्या लवकर ते कधी दुकान बंद करत नसत. काकांना वाद जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ते काठी टेकत निघाले ते घराकडे न जाता मैदानाकडे गेले. मनात राग होता, पण कोणाचा ते त्यांना उमगत नव्हते. मैदानात पोरे सराव करत होती. काका आपल्या नेहमीच्या जागेवरून मागे वळले आणि झुडपांतून जाऊ लागले. तिथे त्यांना जोराची ठेच लागली, आणि ते गुडघ्यांवर पडले.

"कुठल्या गाढवानं इथं दगड रोवलाय?" ते ओरडले.

उठायला आधार म्हणून त्यांनी त्याच दगडावर हात ठेवला. हात तिथेच थांबला. दगड चौकोनी होता. माथ्यावर एक खाच होती. त्या खाचेत त्यांचा अंगठा बरोबर बसला.

तो दगड त्यांनीच रोवला होता. त्यांनी आणि सोनाप्पाने मिळून, मिसरूड फुटायच्या वयात. मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार दगड. सुतळी बांधायला खाच छिन्नीने पाडली होती. तेव्हा दोघांत भांडण नव्हते. या दगडापासून समोरच्या दगडापर्यंत फक्कीची रेघ जायची, आणि लोक दगडाच्या बाहेर बसायचे.

काकांनी वळून मैदानाकडे पाहिले. आपली बाज कुठे असते, ते त्यांना ठाऊक होते. ती जागा इथून बरीच आत होती. समोरच्या कडेलाही असेच झाले असणार. पोरांच्या अंगात रग नव्हती असे नाही. त्यांना वळायला जागा नव्हती.

दुसरी गोष्टही त्यांना तिथेच कळली. दगडाजवळून त्यांना काहीच दिसत नव्हते. सरावाचा आवाज येत होता, पायांची धपधप ऐकू येत होती, पण डोळ्यांपुढे नुसती धूळ होती. रेघ दगडावर आली, तर त्यांच्यापुरता खेळ संपला.

झुडपे दाट होती. दगड कोणाला दिसत नव्हता, कोणाला आठवतही नव्हता. सोनाप्पाला आठवत असता, तर तो खोके पुढे घेऊन बसला नसता. काका बराच वेळ तिथे बसून राहिले. मग दगडाभोवतीची दोन-चार झुडपे त्यांनी हातांनी उपटली. का उपटली, ते त्यांनाही सांगता आले नसते. काटे लागले तसे हात धोतराला पुसले आणि घरी गेले.

सकाळी मैदान माणसांनी भरले. पाहुणे गडी आले. बाज नेहमीच्या जागी मांडलेली होती. भैरू फक्कीची टोपली घेऊन आला आणि वाकून म्हणाला, "काका, पाय जरा वर घ्या."

काका उभे राहिले. "बाज उचल."

"अजून पुढं घेऊ?"

त्याने हे सरळपणे विचारले होते. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच काकांना ते लागले.

"मागं," ते म्हणाले.

"किती मागं?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

भैरूने बाज उचलली. मागची माणसे कुरकुरत बाजूला झाली. "काका रुसले!" कोणी म्हणाले. "बाज घरी निघाली का काय?" दुसरे म्हणाले. काका काठीने जमीन चाचपत चालले होते. काठी दगडावर आपटली, तेव्हा ते थांबले.

"इथं, दगडाच्या बाहेर. आणि रेघ या खाचेवरनं मार."

समोरच्या कडेवरून सोनाप्पा तरातरा आले. रात्रभर त्यांना झोप लागली नसावी. "हैबती, आज काय नवं नाटक? तिथनं तुला खेळ दिसणार हाय का?"

काका म्हणाले, "खाली बघ."

सोनाप्पांनी खाली पाहिले. मग वाकून दगडाच्या खाचेवर बोट फिरवले. हळू आवाजात म्हणाले, "समोरचा कुठं असंल?"

"तुझ्या खोक्याच्या मागं. बराच मागं. आपण दोघांनीच खाल्लं रे मैदान."

सोनाप्पा परत गेले. आपले खोके त्यांनी स्वतः उचलले. त्या कडेचे लोक काय चालले आहे ते पाहत राहिले. मग एकाने आपले पोते उचलले, दुसऱ्याने घोंगडी. मागे सरका असे कोणाला सांगावे लागले नाही. विळे आले, झुडपे निघाली, उरलेले दगड उघडे पडले. भैरूने दगडापासून दगडापर्यंत सुतळी ताणली आणि फक्की मारली. रेघा पुऱ्या झाल्या तेव्हा तो मधोमध उभा राहून चहूकडे पाहत राहिला. आपल्याच गावात तो परगावी आल्यासारखा दिसत होता.

खेळ सुरू झाला. लोक ओरडू लागले. काका मान ताठ ठेवून समोर बघत होते. लोक ओरडले की तेही ओरडत. पण एकदा सगळे हळहळले आणि काका चुकून "शाबास!" म्हणाले.

सोनाप्पांनी ते समोरच्या कडेवरून ऐकले, असे सांगतात. इतक्या लांबून ऐकू आले असेल का, याची मला शंका आहे. पण ते उठले हे नक्की. मैदानाला वळसा घालून आले आणि आपले खोके बाजेशेजारी ठेवून बसले. डोळ्यांबद्दल त्यांनी काही विचारले नाही.

"आपला भैरू गेलाय आत," ते समोर बघत म्हणाले. "दम चांगला हाय. कोपऱ्यातल्याला शिवला. आता धरला, धरला... न्हाई, सुटला!"

"कसा सुटला?"

"पळायला जागा मिळाली म्हणून सुटला. तुझ्यासारखाच वाकडा पळतो मेला."

काका हसले. आणखी थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "आता काय चाललंय?"

"आता आट्यापाट्या. तुला काय करायच्यात त्या ऐकून?"

"सांग की. मी तरी कुठं उठून चाललोय?"

सोनाप्पा सांगत राहिले. आपल्या खेळाबद्दल ते थोडे वाढवूनच सांगत होते, आणि काकांना ते कळत होते.

माझ्या आठवणीप्रमाणे गाव त्या दिवशीही हरले. पण जांभई कोणी दिली नाही. संध्याकाळी पंचमंडळी दुकानापुढे जमली आणि म्हणाली, "हरलो. ठरल्याप्रमाणे एक खेळ बंद करायचा. आट्यापाट्याच ना?"

सोनाप्पांनी मान खाली घातली. हैबतकाका म्हणाले, "जागा पुरत न्हवती म्हणून बंद करणार होतो. आज पुरली का न्हाई?"

"पुरली की. पण तुम्हीच म्हणत होता, खेळ वाईट हाय."

"वाईटच हाय. पण चालू राहू दे. न्हाईतर मी शिव्या कुणाला घालू?"

दोन्ही खेळ चालू राहिले.

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली, आणि सांगताना नेहमी एक शंका मनात राही. काकांच्या डोळ्यांचा भाग खरा, की ऐकणाऱ्याला गहिवर यावा म्हणून कोणी मागून जोडलेला? बऱ्याच वर्षांनी त्या बाजूला जाणे झाले. मैदान होते. दगड होते, फक्कीची रेघ त्यांच्या खाचांवरूनच गेली होती, आणि एका दगडाच्या बाहेर दोन माणसे बसतील एवढा मातीचा ओटा होता. सोनाप्पांच्या सूनबाई दुकानात होत्या. मी चाचरतच विचारले. त्या म्हणाल्या, "हैबतमामांना त्या जत्रेच्या आधीपासूनच जेमतेम दिसायचं. नंतर दिवस आणि रात्र एवढंच कळायचं. आमचे मामंजी शेवटपर्यंत प्रत्येक सामना त्यांना शेजारी बसून सांगायचे."

तात्पर्य: आपल्या आवडीची गोष्ट का बिघडली असे विचारताना आपण स्वतः कुठे बसलो आहोत तेही पाहावे, आणि तिला जागा हवी असेल, तर आपल्याला दिसेनासे झाले तरी मागे सरावे.