आप्पांचा अँटीव्हायरस

निवृत्त मामलेदार आप्पांनी घरच्या कॉम्प्युटरवर तीन वर्षांपूर्वी अँटीव्हायरस घातला आणि त्याचा पासवर्ड स्वतःजवळच ठेवून नंतर तो एकदाही अपडेट करू दिला नाही. अखेर व्हायरस शिरला आणि त्यांची लेक मृदुला हिचा अर्धा प्रबंध गेला. वर आप्पाच गरजले, "तुझ्याच पेनड्राइव्हचे प्रताप!"

"आप्पा, आता तरी अपडेट करू द्या. उरलेला प्रबंध वाचेल."

"एकदा घेतलाय ना? रोज रोज कसलं अपडेट?"

मृदुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी तिने कपाटात अंथरलेला पेपर काढून चहाबरोबर त्यांच्या हातात दिला.

"अगं, हा तीन वर्षांपूर्वीचा!"

"एकदा घेतलाय ना? रोज रोज कसला पेपर? तुमचा अँटीव्हायरसही तेव्हाचेच चोर शोधत बसलाय!"

आप्पांनी चष्मा पुसला आणि मुकाट्याने पासवर्ड सांगितला.