पात्याखालचा हात

"मंत्र कंचा म्हंता, तेवढं सांगा की आण्णा."

दौलतनं विचारलं खरं, पण आण्णांनी मान वर केली नाही. ते सागवानी पट्टीवर पेन्सिलीनं खूण करत होते. खूण झाली, पेन्सिल कानावर गेली, आणि मग ते म्हणाले,

"कसला मंत्र?"

"आता माझ्यापास्नं बी लपिवणार?"

 आण्णांनी दुसरी पट्टी पुढ्यात ओढली.

आण्णा म्हणजे शिवाप्पा सुतार. निपाणीच्या रस्त्याला त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबट शेड आणि पुढं कडुलिंब. तिथं देव्हारे होतात. आण्णांच्या देव्हाऱ्याच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं तर दोन पट्ट्या कुठं मिळाल्यात ते नखाला कळत नाही, आणि हे आण्णांना पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाईक आलं की ते आधी कोपऱ्यावर नख फिरवायला लावतात आणि मगच बोलायला लागतात. विनयाच्या बाबतीत त्यांचं नाव कुणी घेत नाही.

कोपऱ्याचे हे तिरके काप ते मायटर मशीनवर घेतात. मशीन साधंच आहे. गोल पातं, त्याला मूठ. मूठ खाली दाबली की फिरतं पातं उतरतं आणि हव्या त्या कोनात पट्टी कापतं. अशी मशिनं आता गल्लोगल्ली झाली आहेत. मग जोड आण्णांचाच का बसतो?

कारखान्यातल्या पोरांनी याचं उत्तर आपल्यापुरतं शोधून ठेवलं होतं. प्रत्येक कापानंतर आण्णा मूठ दाबलेलीच ठेवत. मान खाली घालत. ओठ किंचित हलत. मग काही वेळानं मूठ वर येई. म्हणजे मंत्रच असणार. कुणी म्हणे नरसोबाच्या वाडीला एका साधूनं कानात सांगितलाय. एक जुनं गिऱ्हाईक म्हणे, मंत्र कसला, सुपारी या गालातून त्या गालात जाते. पण असली उत्तरं कुणाला आवडत नाहीत.

दौलत हा सिदराम लोहाराचा मुलगा. त्याला गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो उगाच नव्हता. त्याची नजर पक्की होती. लाकूड हातात घेतल्याबरोबर ते कुठं वाकणार हे तो सांगायचा. आणि वेग तर असा की आण्णांची एक पट्टी होईपर्यंत त्याच्या तीन झालेल्या असत.

हा वेग कुठून यायचा, तेही सांगायला हवं. उजव्या हातानं मूठ दाबायची, काप झाला की लगेच वर सोडायची, आणि पातं अजून गरगरत असतानाच डावा हात त्याच्याखालून पलीकडं घालून कापलेला तुकडा उडवायचा. बघणारा आपसूक एक पाऊल मागं सरके. दौलतला ते सरकणं आवडायचं.

पात्यावरचं झाकण मध्ये येतं म्हणून त्यानं ते वर करून बांधून टाकलं होतं. तेही कशानं, तर दोन वर्षांमागच्या खंडेनवमीच्या पूजेतल्या लाल नाड्यानं. आण्णांनी एकदा ती गाठ सोडली. दौलतनं ती पुन्हा मारली, जरा घट्टच.

"देवाचा धागा हाय, आण्णा. काय हुतंय."

 पण त्यानंतर आलेल्या खंडेनवमीला...

या कारखान्यात एक रीत आहे. कोन तपासायला सुतार जो काटकोनी गुण्या वापरतो, तो आण्णा दर वर्षी शिसवाचा एक नवा घडवतात आणि खुंटीला टांगून ठेवतात. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की तो एखाद्या तयार शागिर्दाच्या हातात देतात. त्या दिवसापासून त्याला मिस्त्री म्हणायचं. कुणी तयार नसेल तर गुण्या खुंटीवरच राहतो.

मागच्या वेळी गुण्या म्हादूला मिळाला. म्हादू, जो पट्टी कापायला घेतो आणि तेवढ्यात आपला चहा होतो. दौलतनं त्या रात्री जेवण घेतलं नाही.

या वर्षी त्याच्या बापानं सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं की पोरगा मिस्त्री होणार. फेटा इस्त्रीला टाकला होता. पूजेला चार माणसं घेऊन येणार होता. आणि पूजा उद्यावर आली होती.

तेव्हा दौलतनं विचार करून ठरवलं की सगळं आलंय आपल्याला, राहिलाय तो फक्त मंत्र. बाकीची पोरं झेंडू आणि कोहळा आणायला बाजारात गेलेली बघून त्यानं आण्णांना गाठलं होतं.

"बरं," आण्णा शेवटी म्हणाले. "मंत्र घ्यायचा तर मशीनवरच घ्याय लागंल."

दौलतची छाती फुगली. तो मागं जाऊन हातपाय धुऊन आला. चपला दाराबाहेर काढून, ओल्या अनवाणी पायांनी, हात जोडून मशीनपुढं उभा राहिला.

आण्णांनी त्याच्या पायांकडं पाहिलं.

"बूट घाल जा. हात-पाय पूस. आन् चष्मा लाव."

"मंत्राला चष्मा?"

"लाव."

दौलत तयार होऊन आला. आण्णांनी पट्टी दिली.

"काप."

दौलतनं कापली. पातं उतरलं, वर गेलं, डावा हात खालून सरकला, तुकडा भिंतीला जाऊन लागला.

"ऐकलास?"

"काय?"

"मंत्र."

"तुमी कुठं म्हणला?"

"मी न्हाई म्हनत. तू थांबला न्हाईस."

पुन्हा पट्टी. पुन्हा तेच. तुकडा पुन्हा भिंतीला. आण्णांनी तोच प्रश्न विचारला आणि दौलतनं तेच उत्तर दिलं. असं होत होत भिंतीखाली तुकड्यांचा ढीग साचला आणि दौलतचं डोकं तापलं.

त्यानं दोन्ही हात आण्णांच्या नाकासमोर धरले. हे बघा म्हणाला. एक ओरखडा दाखवा. लोकांची बोटं गेली, नखं गेली, माझ्या हाताला डोळे आहेत. हा हात कधी चुकलेला नाही. तुमच्याहून वेगानं कापतो, तुमच्याइतकंच सरळ कापतो, आणि तरी गुण्या त्या म्हादूला. आणि आता मंत्राच्या नावानं चेष्टा.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. हातांकडं नीट बघितलं. हात खरंच देखणे होते.

मग ते मशीनच्या मागं गेले, वाकले, काहीतरी खाटखूट केलं आणि परत आले. फुंकर मारून मशीनच्या पाटावरचा भुसा उडवला. नवी पट्टी मागच्या आडपट्टीला टेकवून ठेवली.

आणि आपला डावा हात पात्याच्या बरोबर खाली, पाटावर, उताणा ठेवला.

"काप."

...

"आण्णा, हात काढा."

"कशापायी?"

"पातं येतंय तिथं."

"ठावं हाय. तुझा हात दिसभर ह्याच वाटंनं जातोय की."

"माझं येगळं."

"का? तुझा हात परक्याचा हाय व्हय?"

दौलतचं बोट मुठीवरच्या बटणावर होतं. वर पातं, खाली तो हात. तळव्याला रंध्याचा घट्टा पडलेला. मनगट आता बारीक झालेलं. दौलत पहिल्यांदा आला तेव्हा याच हातानं त्याच्या हातावर हात ठेवून रंधा कसा धरायचा ते दाखवलं होतं.

"काप," आण्णा म्हणाले. "तू चुकत न्हाईस न्हवं?"

...

दौलतनं बटणावरचं बोट काढलं. मग मुठीवरचा हातही काढला. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला.

आण्णांनी हात उचलला आणि धोतराला पुसला.

तेव्हा कुठं दौलतला दिसलं. मशीनची पिन बोर्डातून काढलेली होती. वायर जमिनीवर भुशात पडली होती.

आता मात्र त्याचा संताप झाला.

"म्हंजे काय झालंच नसतं. नाटक केलासा."

"मला काय व्हणार हुतं?" आण्णा म्हणाले. "मी पिन काढून हात ठिवला."

भुशातल्या वायरकडं बोट करून ते म्हणाले,

"तू?"

एवढं बोलून ते बाहेर गेले.

 दौलतनं पात्याच्या झाकणाची गाठ सोडायला घेतली. स्वतःच मारलेली, त्यामुळं सुटता सुटेना. शेवटी दातानं सोडली. झाकण खाली आलं. नाडा त्यानं घडी करून देवाच्या कोनाड्यात ठेवला.

पिन लावली. पट्टी आडपट्टीला घट्ट धरली, पात्यापासून चांगला वीतभर हात लांब. आधी पातं पूर्ण वेगात येऊ दिलं, मग खाली उतरवलं. काप झाला. बटण सोडलं.

मूठ मात्र दाबलेलीच ठेवली.

पात्याचा आवाज बारीक होत गेला... आणखी बारीक झाला... आणि थांबला.

मग बाहेरच्या कडुलिंबातला कावळा ऐकू आला. इतका वेळ तो ओरडतच होता.

दौलतनं मूठ वर घेतली. डावा हात जिथं होता तिथंच होता. त्यानं मंत्र ऐकला की नाही, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. आण्णांनीही विचारलं नाही. ते रस्त्याच्या कडेला उभं राहून समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगत होते.

दुसऱ्या दिवशी शेडला झेंडूची तोरणं लागली. करवती, पटाश्या, रंधे, सगळे पाटावर मांडून झाले. सिदराम लोहार कडक फेट्यात आला आणि गावची माणसं घेऊन पुढंच उभा राहिला. एरवी भात्यापुढं वाकून बसणारा माणूस, पण आज ताठ उभा होता.

पूजेआधी मशीनवर एक शेवटचा काप घ्यायचा आणि मग ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवायचं, अशी तिथली पद्धत. आण्णांनी पट्टी दौलतच्या हातात दिली.

सिदरामनं माणसांना कोपरानं ढोसलं. बघा आता, म्हणाला. डोळ्याची पापणी लवायच्या आत तुकडा बाजूला.

पातं उतरलं. काप झाला.

आणि दौलत मान खाली घालून उभाच राहिला.

पापणी लवली. कितीदा तरी लवली. मागून कुणीतरी विचारलं, अडकलं काय. कुणीतरी हसलं. सिदरामनं फेटा उगाच सारखा केला. ते हसणं दौलतच्या कानावर गेलं होतं. त्याची मान लाल झाली. डावा हात आडपट्टीपाशी थोडा हलला...

आणि पुन्हा जागेवर बसला.

त्याचे ओठ हलत होते.

आवाज पूर्ण थांबला तेव्हा त्यानं मूठ वर घेतली, पिन काढली, वायर गुंडाळून ठेवली आणि मग सावकाश तुकडा उचलला. कोपरा जुळवून बापापुढं धरला. सिदरामनं त्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मागं हसलेल्या माणसाकडं वळून बघितलं.

"आण्णा, काय पुटपुटतोय ह्यो?" त्यानं हळूच विचारलं.

आण्णांनी कापूर पेटवला. पूजा झाली, कोहळा फुटला, गुलाल लागला. मग ते खुंटीपाशी गेले आणि शिसवी गुण्या काढला. 

त्यांनी दौलतला पुढं बोलावलं. दौलतनं वाकून नमस्कार केला आणि मोठ्या माणसाकडून घ्यावं तसा उजवा हात पुढं केला, डावा त्याच्या कोपराला लावून.

आण्णांनी गुण्या मागं घेतला.

दौलतचा चेहरा उतरला. सिदराम एक पाऊल पुढं आला.

"त्यो न्हवं," आण्णा म्हणाले. "डावा."

कुणाला काही कळेना. दौलतला कळलं. त्यानं उजवा हात खाली घेतला आणि डावा उघडून पुढं धरला.  पाचही बोटांना गुलाल लागला होता.

"आण्णा, सणाचा दिस हाय," सिदराम कळवळून म्हणाला. "डाव्या हातात कुणी देतं व्हय?"

आण्णांनी गुण्या त्या हातात ठेवला आणि वरून बोटं मिटवली.

"उजव्याला कवाच दिला असता, पाव्हणं. मी ह्या हाताची वाट बगत हुतो."