कुलपात ठेवलेला कान

दूध डेअऱ्यांतल्या टाक्यांना नुकतीच वाचा फुटली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका डेअरीत नसीमा मेकॅनिकने टाकीत सेन्सर बसवला आणि त्याची जोडी रिसीव्हरशी जुळवली. "दूध गरम व्हायला लागलं की सेन्सर याला सांगेल आणि हा तुमच्या फोनवर खबर पाठवेल. याला खिडकीत मोकळा ठेवा," असं तिने चेअरमन रंगरावांना बजावलं.

रंगरावांनी रिसीव्हरला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि महागाची वस्तू म्हणून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुपारी टाकी थंड ठेवणारं मशीन बंद पडलं.

"आठ अंश!" सेन्सर ओरडला. "अकरा! अरे, ऐकतोयस का?"

"ओरडू नकोस," कपाट गुरगुरलं. "तो माझ्या पोटात सुखरूप आहे."

"चुलीत घाल तुझं सुखरूप! लोखंडातून माझा आवाज आत जात नाही. दार उघड!"

"किल्ली चेअरमनकडे असते. आणि माझ्यातली वस्तू आजवर कधी हरवलेली नाही."

संध्याकाळपर्यंत सगळं दूध नासलं. रंगराव सेन्सरवर खेकसले, "वाचा बसली होती का तुझी?"

बोलावल्यावर धावत आलेल्या नसीमाला रिसीव्हर खिडकीत दिसला नाही, तेव्हा तिने रागाने रंगरावांच्या हातातली कपाटाची किल्ली ओढून घेतली. दार उघडताच सेन्सरने साठवलेल्या दुपारभराच्या हाका एकदम रिसीव्हरच्या कानात शिरल्या आणि रंगरावांच्या खिशातला फोन वाजू लागला. आठ अंश. अकरा. सतरा. चोवीस. बाहेर माणसं दूध गटारात ओतत होती, तरी तो थांबेना.

"पण बघा," कपाट छाती फुगवून म्हणालं, "याच्यावर साधा ओरखडासुद्धा आलेला नाही."